धुतलेली बादली

४ फेब्रुवारी

दादा,

नऊ वर्षांनी लिहितोय. कागद तुरुंगाच्या ऑफिसनं दिला आणि लिहिल्याशिवाय सोडणार नाही म्हणाले म्हणून लिहितोय. माझ्या मनानं लिहिलं नसतं.

काम सांगतो. या एप्रिलला माझी चौदा वर्षं भरतात. उरलेली सहा माफ होऊ शकतात. त्याला घरच्या माणसाची सही लागते, की हा माझ्याकडे राहील आणि मी याच्यावर लक्ष ठेवीन. आई असती तर तिनं अंगठा उमटवला असता. तिला जाऊन चार वर्षं झाली, आता घरचं माणूस म्हणजे तू. फॉर्म सोबत जोडलाय. तीस एप्रिलच्या आत परत पोचला पाहिजे. नाही पोचला तर आणखी सहा वर्षं.

मी इथे स्वयंपाकघरात आहे. मागच्या आठवड्यात जेवणाच्या रांगेत एकानं दुसऱ्याच्या तोंडावर उकळतं पाणी फेकलं. ज्याच्यावर फेकलं त्याचा एक डोळा गेला. थोडं माझ्या हातावर सांडलं. म्हणून अक्षर असं आहे असं समजू नकोस, अक्षर माझं आधीपासूनच असं आहे.

पत्र पाठवण्याआधी साहेब वाचतात. त्यामुळे शिव्या गाळल्या आहेत.

धाकटा


१६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. हाताला काय लावतोस ते कळव. मी रोज पहाटे प्रार्थनेला बसतो तेव्हा तुझं नाव घेतो. एक दिवस चुकलेला नाही.

आपल्या गाई विकल्या हे तुला आईनं सांगितलंच असेल. मी आता एका संशोधन केंद्रात गोठा सांभाळतो. बारा दुभत्या गाई आहेत. त्यातल्या चौघींच्या डाव्या कुशीला खिडकी आहे. खरंच खिडकी. बरगड्यांच्या मागे बशीएवढं भोक पाडून त्यात रबरी चौकट बसवलेली आणि वर झाकण. डॉक्टर ते सुन्न करून करतात, गाय महिन्याभरात विसरते. झाकण काढलं की पोटाच्या पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यात खांद्यापर्यंत हात जातो. पहिल्या दिवशी मला भोवळ आली होती. आता थंडीच्या सकाळी बरंच वाटतं. आत इतकी ऊब असते की हात काढू नये.

इथल्या मॅडम त्या पोटातल्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास करतात. त्या म्हणतात, गाय गवत खाते पण पचवता तिला येत नाही. तिच्या पोटातले डोळ्यांना न दिसणारे जीव विकरं नावाची रसायनं सोडतात, ती गवताचा चिवट धागा उसवतात आणि त्यावर गाय जगते. मॅडम ती विकरं वेगळी काढून मोजतात. मी गाळण्यातून रस गाळून बाटल्या भरून देतो. ज्यानं हे सगळं रचलं त्याला मी मनात नमस्कार करतो. मॅडम हसतात, पण टिंगल करत नाहीत.

आता फॉर्मविषयी. तुझी वहिनी घाबरते. घर दोन खोल्यांचं आहे. मी तुला केव्हाच क्षमा केली आहे, हे देवाला साक्ष ठेवून सांगतो. पण तू स्वतः कधी काही कबूल केलं नाहीस. त्या सकाळी दवानं भिजलेला लसूणघास कापून तू भुरीपुढे टाकलास. ओल्या घासानं पोट फुगतं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळत होतं. गाय गेली. बाबांनी जाब विचारला आणि तू गोठ्याच्या दाराचा लोखंडी अडसर उचललास. आळस माझा होता, एवढं एक वाक्य तू कधी बोलला असतास तर माझा हात सहीला अडला नसता.

विचार कर. मीही करतो.

तुझा दादा


३ मार्च

दादा,

आशीर्वाद पोचले. ठेवायला जागा नाही म्हणून परत पाठवतोय.

चौदा वर्षं तू तोच चारा चघळतोयस. आता नीट ऐक. त्या सकाळी मी घास कापलाच नव्हता. विळ्याची मूठ तुटली होती, विळा लोहाराकडे होता. भुरीपुढे आदल्या दिवसाचं वाळकं गवत होतं, तेही तिनं हुंगून सोडलं होतं. हे मी कोर्टात सांगितलं. माझा वकील म्हणाला, गाय कशानं मेली हा मुद्दाच नाही. मग तू पिंजऱ्यात उभा राहिलास, ओल्या घासाचं सांगितलंस, आणि तोच मुद्दा झाला. आळशी पोरगा, बापानं खडसावलं, पोरानं बाप मारला. जज्जांना लिहायला सोपं गेलं.

दुसरं एक तू सांगितलंस ते मला पाठ आहे. "वडील तापट होते, पण घरात त्यांनी कधी कोणावर हात उचलला नाही." हे तू शपथेवर सांगितलंस, दादा. रोज प्रार्थनेला बसणारा तू. आईच्या कानाचा पडदा कोणी फाडला? माझी करंगळी दारात कोणी चेमटली? तुझ्या पाठीवर पट्ट्याच्या बकलाचा वण आहे, वहिनीनं कधी विचारलं नाही का तो कसला?

त्या दुपारी काय झालं ते तू पाहिलं नाहीस, म्हणून सांगतो. पोटातला वारा मोकळा करायला बाबांनी भुरीच्या कुशीत सुरी खुपसली तिथपर्यंत तू होतास. मग तू सायकल घेऊन गुरांच्या डॉक्टरला आणायला गेलास. तू फाटकाबाहेर पडलास आणि बाबांनी भुरीच्या गळ्यातली साखळी सोडवली. ती अजून मेलीही नव्हती, पाय झाडत होती. "गाय मारलीस, माझी गाय मारलीस," म्हणत त्यांनी ती साखळी आईच्या तोंडावर घातली. दूध आटलं तरी आईच, गाय पडली तरी आईच. ती ओरडलीसुद्धा नाही. दोन दात गव्हाणीत पडले, ते मी नंतर गवतातून वेचले. दुसऱ्या वेळी साखळी तिच्या मानेवर बसली. तिसऱ्या वेळी मी मध्ये हात घातला, ती माझ्या मनगटाला गुंडाळली आणि बाबा मला ओढायला लागले, वासरू ओढतात तसे. दुसऱ्या हाताला अडसर लागला.

तीन फटके मारले. पहिला आईसाठी. दुसरा माझ्यासाठी. तिसऱ्या वेळी बाबा खाली पडलेले होते, हलत नव्हते. तो कशासाठी मारला ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. इथे रोज त्याच्याशी माझी गाठ पडते.

आईनं कोर्टात "काही आठवत नाही" म्हटलं. तिला मी दोष देत नाही. भेटीला यायची तेव्हा मात्र दर वेळी एकच म्हणायची, "बादली मीच धुतली रे." मी म्हणायचो, धुतलीस ते बरं केलंस, आता गप्प बस जरा. म्हातारपणी डोक्यात असं काहीतरी अडकून बसतं. तू तिला गाडीत बसवून द्यायचास म्हणे. फाटकापर्यंत एकदाही आला नाहीस.

सही करायची तर कर. आळस माझा होता असं मी लिहिणार नाही.

धाकटा


२३ मार्च

चि. धाकट्यास,

तुझं पत्र गोठ्यात उभ्या उभ्या वाचलं आणि खिशात ठेवलं. चार दिवस तेच कपडे घातले. विळा लोहाराकडे होता हे मला ठाऊक नव्हतं. खरं असेल तर मी तुझा अपराधी आहे. पण मग भुरी कशानं गेली? धडधाकट जनावर एका दिवसात असंच पडत नाही.

बाकीचं आत्ता लिहवत नाही. इथे परवा एक गोष्ट घडली ती सांगतो.

आमची सात नंबरची खिडकीवाली गाय म्हणजे चोर आहे. जिभेनं कडी उचलते. बुधवारी सकाळी पाहतो तर भरड्याच्या कोठीचं दार उघडं आणि ही आत. मक्याचा भरडा दोन-तीन बादल्या तरी फस्त केला असेल. मी मॅडमना हसत सांगितलं, "आज बाईसाहेबांनी मेजवानी झोडली." त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"कधी खाल्लं? किती खाल्लं?"

म्हटलं, "रात्रीत कधीतरी. दाणाच आहे मॅडम, विष नाही. दूध वाढेल उलट."

त्या तशाच गोठ्याकडे निघाल्या. म्हणाल्या, "इतकी वर्षं गाई सांभाळताय आणि हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

दुपारपर्यंत सात नंबर झुलायला लागली, दारू प्यायल्यासारखी. डोळे खोल गेले, कान गार पडले, दात करकर वाजवत होती. मग गुडघ्यावर बसली. मॅडमनी खिडकीचं झाकण काढलं आणि आतून करड्या रंगाचं पाणी भसकन बाहेर आलं. आम्ल मोजायच्या यंत्रावरचा आकडा एरवी साडेसहाच्या आसपास असतो, तो साडेचारावर आला होता; आकडा उतरतो तसं आम्ल चढतं. मॅडम कोपरापर्यंत हात घालून ते बाहेर उपसत होत्या आणि उपसता उपसता मला सांगत होत्या. गवत उसवणारे जीव सावकाश जगतात. दाण्यावर जगणारे वेगळे. एकदम इतका दाणा पडला की ते घटकेत दुप्पट होतात, घटकेत चौपट, आणि आम्ल सोडतात. त्या आम्लात गवतवाले आधी मरतात, त्यांची विकरं निकामी होतात. मग आम्ल इतकं चढतं की दाणेवालेही आपल्याच आम्लात मरतात. मग पोटाचं अस्तर भाजून सोलून निघतं, आम्ल रक्तात उतरतं आणि गाय जाते. एका पोटात एवढी कत्तल, आणि बाहेरून गाय नुसती उभी असते. आई उभी असायची तशी.

आम्ही दोघांनी मिळून तिचं पोट रिकामं केलं. दोन तास लागले. हातांवर जिथे ओरखडे होते तिथे आग आग झाली. धुऊन घेतलं, औषध घातलं, आणि मग तीन नंबरच्या खिडकीतून ताजा, जिवंत रस काढून गाळून हिच्या पोटात ओतला. एकीच्या पोटातले जीव दुसरीला दिले. सकाळी सात नंबर उठली, दुपारनंतर तिनं रवंथ सुरू केलं. मी गव्हाणीला टेकून बसलो होतो. मॅडमना वाटलं मी आनंदानं रडतोय.

ते पाणी बाहेर आलं ना, तेव्हा त्याचा वास आला. आंबलेल्या पिठासारखा, नासलेल्या दुधासारखा, नाकात चढणारा. आठ वर्षं मी या खिडक्या उघडतोय, असा वास इथे कधी आला नव्हता.

पण मी तो ओळखला.

फॉर्मचं नंतर कळवतो.

दादा


८ एप्रिल

दादा,

वासावर पत्र संपवून पंधरा दिवस झाले. तुझा पत्ता नाही. बावीस दिवस उरलेत.

इथे माझ्या शेजारच्या खोलीतल्यानं काल मला विचारलं, "भाऊ सही करतोय ना?" मी ताट घेऊन उठलो तर तो हसला. मी त्याच ताटाची कड त्याच्या दातांवर मारली. मग त्याच्या दोघांनी मला न्हाणीघरात धरलं. एक बरगडी गेली असं डॉक्टर म्हणतात. तक्रार नाही, हिशेब बरोबर झाला.

करणार नसशील तर तसं लिही. गाईंच्या गोष्टी नकोत.

धाकटा


१५ एप्रिल

चि. धाकट्यास,

सही केलेला फॉर्म सोबत आहे. तो आधी बाजूला काढून ठेव, मग पुढचं वाच. पुढचं वाचून तुला माझ्याकडे यावंसं वाटलं नाही, तरी सही तुझी आहे.

भुरीला मी मारलं.

आदल्या संध्याकाळची गोष्ट. भुरीनं दोन लिटर दूध कमी दिलं होतं. धार काढायला आई बसली होती, म्हणून बाबांनी तिला केसांना धरून पाण्याच्या पिंपाकडे नेलं आणि तिचं डोकं आत दाबलं. वर काढलं. परत दाबलं. "उद्या कमी आलं तर वर काढणार नाही," असं म्हणाले. तू दूध घालायला गेला होतास. मी दाराशी उभा होतो. पाचव्या वेळी ती वर आली तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. मी देवाचं नाव घेत होतो. मोठ्यानं घेत होतो, म्हणजे मला पाण्याचा आवाज ऐकू येऊ नये. एकोणपन्नासावं वर्ष चालू आहे, मी हजारो वेळा देवाचं नाव घेतलं असेल. त्या वेळचं घेतलेलं नाव मला फेडता येईल असं वाटत नाही.

बाबा आत गेल्यावर मी भरड्याचं पोतं सोडलं. मनात एकच होतं, सकाळी दूध वाढलं पाहिजे. भुरीला तोवर वाळकं गवत आणि मूठभर पेंडीचं आंबोण, एवढंच मिळायचं. मी तिला दोन बादल्या भरडा घातला. तिसरीही अर्धी घातली. ती माझा हात चाटत होती. मला वाटलं, आज आपण आईसाठी काहीतरी केलं.

दुसऱ्या दिवशी ती झुलायला लागली तेव्हाही माझ्या डोक्यात तो भरडा आला नाही. ओला चारा घातक असतो हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक होतं. खाऊ घातलेल्या दाण्यानं गाय मरते हे कुणी सांगितलंच नव्हतं. बाबांनाही कळलं नाही. त्यांनी पोट फुगलंय समजून सुरी खुपसली. ओल्या घासानं फुगलं असतं तर फेस आला असता. आलं ते पाणी. करडं, आंबट पाणी, माझ्या सदऱ्यावर उडालं. तोच सदरा घालून मी डॉक्टरकडे सायकल मारली. वाटभर तो वास माझ्या नाकात होता. परत आलो तेव्हा तू दारात बसला होतास, अडसर मांडीवर होता. मग मला भुरीचं काही सुचलं नाही. पुढे कोणी विचारलं तेव्हा मी ओला घास म्हटलं, आणि म्हणता म्हणता तेच खरं झालं. तू विळा लोहाराकडे दिल्याचं कोर्टात सांगत होतास तेव्हा मी खाली पाहत होतो. मी ऐकलं नाही. आता मला वाटतं, मला ऐकायचं नव्हतं.

"वडिलांनी हात उचलला नाही" असं मी का सांगितलं, तेही लिहितो. मेलेल्या माणसाची अब्रू राखतोय असं मी स्वतःला समजावलं होतं. ते खोटं आहे. बाबा मारत होते असं मी म्हटलं असतं, तर वकिलानं लगेच विचारलं असतं, "मग थोरला मुलगा तेव्हा काय करत होता?" मला त्या एका प्रश्नाची भीती वाटली. तेवढ्यासाठी तुझी चौदा वर्षं गेली.

आणि बादली. त्या रात्री ती मी तशीच गोठ्यात टाकून झोपलो, भरड्यानं माखलेली. दुसऱ्या दिवशी गाय झुलायला लागल्यावर पाहिलं तर ती भिंतीशी उपडी घातलेली होती, लख्ख. मला कधी प्रश्न पडला नाही. सात नंबर उठली त्या दिवशी तुझ्या पत्रातलं आईचं ते वाक्य परत काढून वाचलं. तिनं पाहिलं होतं, धाकट्या. गाय मरतेय हे कळताच भरडा कुणी घातला हेही तिला कळलं असणार, बाबांच्या आधी कळलं. म्हणून तिनं बादली धुतली. बाबा "गाय मारलीस" म्हणत साखळी चालवत होते तेव्हा एक शब्द पुरला असता, आणि साखळी माझ्या वाटेला आली असती. तिनं तो शब्द काढला नाही. दातांवर साखळी घेतली आणि गप्प राहिली. तिनं मला वाचवलं आणि त्यात तू गेलास. दर महिन्याला ती तुझ्याकडे तेच सांगायला येत होती. अर्धंच सांगत होती, कारण अर्ध्यात मी होतो.

तुझ्या वहिनीला काल हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, "सही करा. मला भावजींची कधीच भीती वाटली नाही. तुमची वाटते. इतकं गप्प कोणी असतं का?" मग माझ्या पाठीवरच्या वणावर तिनं हात ठेवला. लग्नाच्या बारा वर्षांत पहिल्यांदा विचारलं, हा कशाचा.

मी वकिलाला भेटलो आहे. शपथेवर खोटं बोललो ते लेखी देतो. त्याची जी शिक्षा असेल ती घेईन. सगळं माझ्यामुळे झालं, हे मी कोर्टाला सांगणार आहे.

हे पत्र आधी साहेब वाचतील. त्यांना माझा नमस्कार सांग. आणि त्यांना म्हणावं, यातला एकही शब्द गाळू नका.

तुझा दादा


२८ एप्रिल

ती. दादास,

तुझं पत्र साहेबांनी आठ दिवस ठेवून घेतलं. मग मला बोलावलं आणि म्हणाले, "बस." चौदा वर्षांत मला इथे कोणी बस म्हटलं नव्हतं. त्यांच्यासमोर वाचायला लावलं. पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. बहुधा मी काय करतो ते त्यांना पाहायचं होतं.

तिथे काही केलं नाही. खोलीत आलो आणि भिंतीवर मूठ मारली. परत मारली. दोन बोटं मोडली. हे डाव्या हातानं लिहितोय, आता अक्षराला खरंच कारण आहे. आवाज ऐकून तो शेजारचा आला, ज्याचे दात मी पाडले तो. म्हणाला, "काय रे, कोण गेलं?" मी त्याची मान धरली, भिंतीशी दाबली. तुझीच मान धरल्यासारखी धरली. त्याचे डोळे पांढरे व्हायला लागले. तेव्हा मला तिसरा फटका आठवला आणि मी हात सोडला. तो खाली बसून खोकत राहिला. मग मी त्याला पाणी दिलं. तो ते प्यायला. इथे एवढं झालं की माफी मागितल्यासारखं असतं.

पिंपाचं मला माहीत नव्हतं. आईनं कधी सांगितलं नाही. पाचव्या वेळी तिनं तुझ्याकडे पाहिलं, एवढंच मी रोज पाहतोय आता.

साक्ष बदलायची तर बदल. बाबांच्या हाताबद्दल खरं सांग. साखळीचं सांग, पिंपाचं सांग, तू दाराशी उभा होतास तेही सांग. आईसाठी सांग. पण "सगळं माझ्यामुळे" असं कागदावर लिहू नकोस. बादली तुझी होती, धुतली आईनं, साखळी बाबांची होती. पहिल्या फटक्यात वाटल्यास तुम्ही सगळे या. पण तिसरा माझा आहे. तू भुरीला पोतंभर भरडा घातला असतास तरी तो माझाच राहिला असता. चौदा वर्षं त्याच्यासोबत काढली आहेत, तो मी तुला देणार नाही.

फॉर्म मंजूर झाला. नऊ मेला सकाळी दहाला सोडतात.

आल्यावर मी तुला एक थोबाडीत मारणार आहे. साहेबांनी हे वाचलं तरी चालेल. मोडक्या हातानं मारणार, त्यामुळे मलाही लागेल. एकच मारीन. मग जेवायला वाढ.

दोन गोष्टी कळव. सात नंबर कशी आहे? आणि ती बादली कुठे आहे?

धाकटा


२ मे

चि. धाकट्या,

सात नंबर बरी आहे. दूध अजून पूर्वीएवढं आलेलं नाही. मॅडम दर सकाळी तिच्या पोटातला रस तपासतात. म्हणतात, गवत उसवणारे जीव परत आलेत, त्यांची विकरं हळूहळू वाढताहेत. वेळ लागेल, पण लागतील मार्गाला. कोठीच्या कडीला मी आता साखळी नाही, खिट्टी बसवली आहे. साखळी मला या गोठ्यात नको आहे.

मॅडमना तुझं सगळं सांगितलं, माझंही. बराच वेळ त्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत राहिल्या. मग म्हणाल्या, "गोठ्यात आणखी दोन हात हवेच होते. बोटं बरी झाली की पाठवा."

तुझ्या सांगण्याप्रमाणे लेखी जबाबातलं ते वाक्य खोडलं आहे. बाकीचं ठेवलं आहे.

नऊ तारखेला मी फाटकाशी उभा असेन, अगदी लोखंडी गजांशी. मारायचं ते तिथेच मार. घरी वहिनीसमोर नको. ती मध्ये पडेल, आणि आपल्या घरात मध्ये पडणाऱ्या बाईलाच लागत आलं आहे.

बादली माझ्याकडेच आहे. आपल्या गाई गेल्या तेव्हा सगळं गेलं, ही का ठेवली ते मला सांगता आलं नसतं. बूड एकदा बदललं, कडी तीच आहे. रोज त्याच बादलीनं मी या बारा जणींना दाणा घालतो. नऊ तारखेला संध्याकाळी ती तुझ्या हातात देईन. आधी वाळकं गवत पोटभर, वर भरडा फक्त मूठभर, सात नंबरला तर त्याहून कमी.

चारा तू टाकायचास. किती टाकलास ते बघायला मी मागे उभा राहणार नाही.

तुझा दादा